राहून गेलेलं उदाहरण

पिनल कोड हे कायद्याचं पुस्तक असूनही वाचवतं, ते त्यातल्या 'क' आणि 'य' यांच्यामुळे. कलमाची भाषा डोक्यावरून गेली की खाली उदाहरण हजर असतं. चोरीच्या कलमाखाली 'क' हा 'य'च्या जमिनीवरचं झाड तोडतो. तिथेच पुढे तो कुत्र्यांना आवडणारं आमिष खिशात घालून निघतो आणि 'य'चं कुत्रं त्याच्या मागे चालू लागतं. मेकॉले आणि त्याच्या कमिशनने 1837 साली मसुदा सादर केला. तो तेवीस वर्षं कागदावर राहिला, मधे 1857 होऊन गेलं. 1860 साली त्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1862 पासून अंमल सुरू झाला.

यातलं सातवं प्रकरण लष्कर आणि आरमाराविषयीच्या गुन्ह्यांचं. कलम 135 म्हणतं, राणीच्या फौजेतल्या किंवा आरमारातल्या माणसाला पळून जायला जो मदत करील त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. कलम 136 म्हणतं, माणूस पळालेला आहे हे ठाऊक असून, किंवा तसं मानायला कारण असून, जो त्याला आसरा देईल त्यालाही तेवढंच. कलम 137 व्यापारी जहाजाच्या कप्तानासाठी आहे. या तिन्ही कलमांखाली एकही उदाहरण नाही. 'क' नाही, 'य' नाही, कुत्रंसुद्धा नाही.

तेव्हा 'क' तुम्ही व्हा. 'य'ला शोधत बसू नका, तो आपल्या पायांनी येईल.

साल 1864. पावसाळा सरलाय, समुद्र निवळलाय आणि तुम्ही रात्री अपोलो बंदरावर उभे आहात. मागे वळून गेटवे शोधू नका, तो पुरा व्हायला साठ वर्षं आहेत. ताजमहाल हॉटेल नाही, राजाबाई टॉवर नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चचा मनोराही अजून अर्धवट आहे. रस्त्यावर गॅसचे दिवे लागायला आणखी वर्ष जायचंय. अंधार खरा अंधार आहे, आणि त्यात सुकट, डांबर आणि कापूस यांचा मिळून एकच वास येतोय. अमेरिकेत उत्तर-दक्षिण लढाई चालू आहे, तिथला कापूस इंग्लंडला मिळत नाही, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलाय. शेअर बाजारात माणसं वेडी झालीत. याच वर्षीच्या खानेसुमारीत शहराची वस्ती 8,16,562 भरली. या सगळ्या पैशातलं तुमच्या वाट्याला काय आलं? एक मचवा. तोही अर्धा तुमचा, अर्धा सावकाराचा.

तरी तुमच्यावाचून बंदराचं चालत नाही. जहाजं थेट धक्क्याला लागतील अशा गोद्या अजून झालेल्या नाहीत. ससून गोदी 1875ची, प्रिन्सेस गोदी 1880ची. सध्या मोठी जहाजं खाडीत नांगर टाकून उभी असतात. कापसाची गाठ असो, पाण्याचं पिंप असो की माणूस असो, जहाजावर जायचं तर मचव्यातून. कोटाच्या बुरुजांची पाडापाडी चालू आहे, म्हणून जमिनीच्या बाजूने शहर उघडं पडलंय. पाण्याच्या बाजूला मात्र तुम्ही आणि तुमच्यासारखे शे-दोनशे तांडेल हाच दरवाजा. कायदा लिहिणाऱ्यांनी हे नीट हेरलं होतं.

तो येतो. गोरा आहे, तरणा आहे, डोक्याला टोपी नाही. अंगावर खलाशाचा सदरा आहे, पण तो दुसऱ्याच कुणाच्या मापाचा. मोडक्या हिंदुस्तानीत तो खाडीतल्या एका जहाजाकडे बोट दाखवतो आणि रुपया पुढे करतो. एवढ्या अंतराला चार आणेसुद्धा जास्त झाले असते. तुमचा पोऱ्या डोल धरून बसलाय, तो तुमच्याकडे बघतो. तुम्ही त्या माणसाच्या पायांकडे बघता. बूट पलटणीचे आहेत. आणि खलाशी पाय फेंगडे टाकत चालतो, तर हा बंदराच्या फरशीवर पाय मोजून टाकत आला.

झालं. 'तसं मानायला कारण' म्हणतात ते एवढंच. तुम्हाला कुणी काही सांगितलेलं नाही, तुम्ही काही विचारलेलं नाही. पण उद्या पोलीस कोर्टात दुभाषा तुम्हाला विचारील की रुपया का घेतलास, बूट बघितलेस की नाही, त्याच्या अंगात सदरा कुणाचा होता. तुम्ही खरं बोललात तर अडकलात. खोटं बोललात तर शपथेवर खोटं बोलण्याचं कलम निराळं आहे.

हा सोजीर कुलाब्याच्या बराकीतला. दहा वर्षांची सही करून आलाय. दिवसाला एक शिलिंग पगार, त्यातून कापून जातं ते वेगळं. बराकीत उकाडा, पटकी आणि दारू, आणि यांतलं कोण आधी गाठील याचा नेम नाही. पकडला गेला तर कोर्ट मार्शल. तिथे शिक्षेबरोबर डाव्या काखेखाली 'डी' अक्षर गोंदवायचा हुकूम होऊ शकतो, म्हणजे पुन्हा दुसऱ्या पलटणीत नाव बदलून भरती होता येऊ नये. हा प्रकार 1871 साली बंद झाला. तुमच्यासमोरच्या पोराला ती सवलत मिळायला सात वर्षं उशीर आहे.

सरकारला या पळण्याची एवढी धास्ती का, तेही बघा. 1858 साली कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं तेव्हा कंपनीच्या गोऱ्या पलटणींना न विचारता राणीच्या चाकरीत वर्ग केलं. आम्ही काय गुरं आहोत का, असं म्हणून गोरे सोजीरच बिथरले. शेवटी सरकारने ज्यांना जायचंय त्यांना जाऊ दिलं, तेव्हा सुमारे 10,000 लोक नाव कमी करून घरी गेले. काळ्या शिपायांचं बंड नुकतंच मोडलेलं, आणि आता गोरे हत्यारं खाली ठेवून निघालेले. याच मुंबईत, याच अपोलो बंदरापासून हाकेच्या अंतरावर एस्प्लनेडवर, 15 ऑक्टोबर 1857 रोजी दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं होतं. सोनापूरच्या एका घरात कट शिजतोय हे फोर्जेट नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने वेष पालटून भिंतीआडून ऐकलं होतं. तुमच्या आठवणीत ती दुपार आहे. शहरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या आठवणीत आहे.

रुपया तुम्ही घेता. का घेता हे मी ठरवणार नाही. सावकाराचा हप्ता असेल, पोराची दया आली असेल, किंवा गोऱ्या माणसाला नाही म्हणायची सवयच नसेल. तोही जन्मात पहिल्यांदा तुमच्याकडे काहीतरी मागत होता. मचवा सुटतो.

आता वल्ही मारता मारता एक कायद्याचा पेच सोडवा. हा माणूस पळाला कधी? बराकीची भिंत ओलांडली तेव्हाच पळाला असेल, तर तुम्ही पळालेल्याला आसरा दिला, कलम 136. मचव्यात पाय ठेवल्यावर त्याचं पळणं पुरं झालं असेल, तर तुम्ही पळायला मदत केली, कलम 135. वकील यावर तासभर भांडतील. तुम्हाला फरक पडत नाही, दोन्हीकडे दोन वर्षंच आहेत, सक्तमजुरीची की साधी हे मॅजिस्ट्रेटच्या मर्जीवर. दंडाचा आकडा मात्र कुठेच लिहिलेला नाही. आणि याच कोडाचं कलम 63 सांगतं की जिथे रक्कम लिहिलेली नाही तिथे दंडाला मर्यादा नाही, फक्त तो भरमसाट नसावा. मचव्याच्या मालकासाठी भरमसाट म्हणजे किती, हे कायद्याने त्याला विचारलेलं नाही.

दोरीच्या शिडीवरून तो वर चढतो आणि तुमच्या गोष्टीतून जातो. तुम्हीही वर चला, एका क्षणापुरते कप्तान व्हा.

अंगात निळा कोट आला. जहाज कापसाने गच्च भरलंय, पहाटेच्या ओहोटीला निघायचंय, चार खलाशी बंदरावरच्या पिठ्यांत बुडालेत ते परत येतील असं दिसत नाही. फोरमास्टजवळ एक नवा माणूस दोर ओढतोय. तुम्ही विचारत नाही. खलाशी कमी असलेला कुठला कप्तान विचारील? हा माणूस पळालेला आहे हे जाणूनबुजून तुम्ही त्याला लपवलंत, तर 136 तुम्हालाही लागू आहे. पण तुम्ही शपथेवर सांगाल की मला काही ठाऊक नव्हतं. कायद्याने तुमचं हे बोलणं आधीच गृहीत धरून 137वं कलम लिहून ठेवलंय. ठाऊक नसलं तरी हरकत नाही, तुमच्या हयगयीमुळे किंवा जहाजावरच्या ढिल्या शिस्तीमुळे ठाऊक झालं नाही ना, मग दंड. जास्तीत जास्त पाचशे रुपये. कैद नाही. तांडेलाचा दंड मोकळा सोडलेला, कप्तानाच्या दंडाला वर झाकण. कापसाच्या त्या तेजीत पाचशे रुपये म्हणजे जहाजाच्या एका फेरीतला किरकोळ खर्च.

व्यापारी जहाजावरचा खलाशी पळाला तर त्याचे कायदे वेगळे होते. सातवं प्रकरण फक्त राणीच्या माणसांपुरतं. पण धक्क्यावरच्या खानावळवाल्याला, पिठेवाल्याला, भाड्याने खोली देणाऱ्या बाईला समोरचा भुकेला गोरा कुठल्या प्रकारचा आहे हे कसं कळावं? बरेचदा ही माणसं त्या खलाशांना लुबाडतही असत, उगाच सगळ्यांना संत करायला नको. त्यांच्या तावडीतून खलाशी सुटावेत म्हणून शहराने पुढे सेलर्स होम बांधलं. 1870 साली ड्यूक ऑफ एडिंबराच्या हस्ते पायाभरणी झाली, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दोन लाख रुपये दिले, 1876 साली इमारत उभी राहिली. पुढे त्याच इमारतीत राज्याचं विधिमंडळ भरत असे आणि आज तिथे राज्याच्या पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे. वेलिंग्टन फाउंटनच्या वळणावर बस थांबली तर वर त्रिकोणात बसलेला समुद्रदेव अजून दिसतो.

तो सोजीर लंडनला पोचला की वाटेत पकडला गेला, ते सोडून द्या. त्याच्यासाठी हे प्रकरण लिहिलेलंच नाही, ही यातली खरी मेख आहे. कलम 139 साफ सांगतं की जो आर्टिकल्स ऑफ वॉर या लष्करी कायद्याखाली येतो, त्याला या प्रकरणातल्या गुन्ह्यांची शिक्षा या कोडाखाली द्यायची नाही. त्याचा न्याय त्याची पलटण करील. म्हणजे लष्कराविषयीच्या या अख्ख्या प्रकरणात शिक्षा भोगायला शिपाई कुठेच नाही. आहेत ते मचवेवाले, कप्तान, घरवाल्या, पिठेवाले. मसुद्याच्या टिपेत मेकॉलेने हे उघड मांडलंय. लष्करी माणसाला शिस्त मोडायला मदत करणारा बिनलष्करी माणूस सर्वसाधारण कायद्याच्या हाताला लागत नाही, लष्करी कायद्याखाली त्याला ओढणं बरं नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळं प्रकरण हवं. बुद्धिमान माणसाचा मुद्दा आहे, आणि एका अर्थी दयाळूही. लष्करी कायद्याखाली त्याला फाशीसुद्धा झाली असती. तरी पळणाऱ्याला धरायचं काम फौजेकडे ठेवून, त्याला पाणी देणाऱ्याला धरायचं काम मुलकी कोर्टाकडे दिलं, ही वाटणी मला तितकीशी निरागस वाटत नाही. फौज एका माणसाला शोधते. कायदा सगळ्या वस्तीला सांगून ठेवतो की दार लावून घ्या.

आता तीन वर्षं पुढे आणि दक्षिणेला चला. 1867चा डिसेंबर, दापोलीच्या पलीकडचं एक गाव. तुम्ही म्हातारी आहात.

कपाळाला आठी, हाताला राख, लुगड्याला धुराचा वास. भात झोडून झालाय, नाचणी कणगीत पडलीय. दापोलीला इंग्रजांचं जुनं ठाणं, म्हणून या पट्ट्यातल्या घराघरातून माणूस पलटणीत गेलेला. बॉम्बे आर्मीला कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या शिपाई दिले. तुमचा थोरलाही गेला. महिना सात रुपये, त्यातच जेवणखाण. त्यातून उरलेले रुपये दोन पावसाळ्यांत एकदा घरी येतात आणि खोताच्या बाकीत जातात.

यंदा मुंबईत मोठी गडबड आहे. अबिसिनियाच्या राजाने इंग्रजांचा वकील आणि पाद्री कोंडून ठेवलेत, त्यांना सोडवायला बॉम्बे आर्मीचे सेनापती सर रॉबर्ट नेपियर फौज घेऊन निघालेत. जहाजांवर पलटणी चढतायत, खेचरं चढतायत, 44 हत्ती चढतायत. तुमच्या मुलाने हे हत्ती बंदरावर बघितले आणि त्यानंतर तो घरी आला. रजेवर आलोय म्हणाला. रजेची चिठ्ठी तुम्ही मागितली नाहीत, मागून वाचणार कोण?

पहिले आठ दिवस तो ओटीवर बसायचा. नंतर पडवीत बसू लागला. आता माजघरातून बाहेर येत नाही.

तुम्हाला कुणी काही सांगितलेलं नाही. पण मुलगा ओटीवरून पडवीत आणि पडवीतून माजघरात सरकला, हे तुम्हाला दिसलंय. त्या तांडेलाला बूट दिसले होते, तुम्हाला हे दिसलं. कायद्याच्या भाषेत तुम्ही दोघं एकाच जागी उभे आहात.

पाटील वाटेवरून हाक मारतो.

"वैनी, पोरगा आलाय म्हणं?"

"आलाय की. रजेवर."

"रजा कवापातूर?"

"ते त्यालाच ठावं."

पाटील थांबतो, विडी काढतो, पेटवत नाही. तो नवऱ्याचा चुलतभाऊ लागतो. पण याच वर्षी मुंबई इलाख्यात गावपोलिसांचा नवा कायदा झालाय, त्यात गावात काय घडतंय ते वर कळवायची जबाबदारी पोलीस पाटलावर टाकलीय. विडी खिशात घालून तो निघून जातो. कळवील की नाही? ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यालाही अजून नसेल.

संध्याकाळी चुलीपुढे तुम्ही भाकरी थापता. कुळथाची पिठी झालीय. आता ताट वाढायचं. इथे थांबा, कारण 136व्या कलमाला एक अपवाद जोडलेला आहे आणि तो तुमच्या स्वयंपाकघरात नेमका शिरतो. पळालेल्या शिपायाला त्याच्या बायकोने आसरा दिला, तर तो गुन्हा नाही. बायको. एवढंच लिहिलंय. आईचं नाव नाही, बापाचं नाही, भावाचं नाही, बहिणीचं नाही.

हा विचार इंग्लंडातून आलेला. तिथल्या जुन्या कायद्यात नवरा-बायको एकच व्यक्ती मानत, आणि बायको नवऱ्याच्या धाकात असते असं धरून नवऱ्याला लपवल्याबद्दल तिला दोष देत नसत. बाकी कुठल्याच नात्याला ही सूट नव्हती. तिथलं घर म्हणजे नवरा, बायको आणि लहान मुलं. तिथे हा अपवाद कदाचित पुरत असेल. कोकणातल्या या घरात सासरा आहे, सासू आहे, दोन दीर, एक जाऊ, विधवा आत्या आहे आणि चूल एकच आहे. घर सासऱ्याच्या नावावर, चूल सासूच्या ताब्यात, आणि सूट मिळालीय ती सुनेला. चारचौघांत नवऱ्याचं नाव घ्यायची जिला चोरी, त्याच्यापुढे जी पदर सावरून बाजूला होते, तिला. सरकारने या घरात कायदेशीर अधिकार दिलेली ती एकुलती एक बाई आहे. तिला हे कधीच कळणार नाही.

म्हणून तुम्ही, कसल्याशा अक्कलहुशारीने, सुनेला सांगता, "तू वाढ गं त्याला." भाकरी तुमच्या हातची, पीठ सासऱ्याच्या शेतातलं, ताट सुनेच्या हातात. आता सरकारी वकील काय करील? आसरा बायकोने दिला की घराने? सुनेचं कृत्य गुन्हा नाही, मग तिला सांगणारी सासू गुन्हेगार कशी? की छप्पर सासऱ्याचं म्हणून म्हाताऱ्यालाच धरायचं? आसरा या शब्दात काय काय येतं, हे 1860च्या 136व्या कलमाने सांगितलेलंच नव्हतं. छप्पर आलं हे नक्की. भाकरी आली का? नुसतं गप्प बसणं आलं का?

इंग्रजांना सूनबाई दिसली आणि सासू दिसली नाही, असं म्हणून हसता येईल. पण माझं मत वेगळं आहे. त्यांना सासू चांगली दिसली होती. हिंदुस्थानी शिपाई पळतो तेव्हा जहाजावर जात नाही, घरी जातो. घरातल्या प्रत्येकाला सूट दिली असती, तर 136वं कलम काळ्या शिपायापुरतं कागदावरच राहिलं असतं.

त्यानंतर 'आसरा'ची व्याख्या यायला बराच काळ गेला. गुन्हेगारांना आणि दरोडेखोरांना लपवण्याच्या कलमांसाठी ती 1894 साली आली. बाकी कोडाला ती लागू झाली 1942 साली, कलम 52अ म्हणून: निवारा, अन्न, पाणी, पैसा, कपडे, हत्यारं, दारूगोळा, वाहतुकीचं साधन, किंवा पकडलं जाऊ नये म्हणून केलेली कुठल्याही प्रकारची मदत. 1942 हे साल लक्षात घ्या. भूमिगत हा शब्द त्या वर्षी घराघरात पोचला. दरम्यान 1927 साली फौजेच्या कलमांत विमानदळातला माणूसही घातला होता. आता भाकरीबद्दल कुणाला शंका राहिली नाही.

या व्याख्येसह पुन्हा अपोलो बंदरावर या. 21 फेब्रुवारी 1946, दुपार. गेटवे आहे, मागे ताज आहे. तुमच्या हातात पावांची टोपली आहे.

तीन दिवसांपूर्वी कुलाब्याच्या 'तलवार' या नाविक तळावर रेटिंग्जनी, म्हणजे साध्या नाविकांनी, निकृष्ट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीविरुद्ध जेवण नाकारलं. दुसऱ्या दिवशी ते लोण कॅसल बॅरक्समध्ये आणि बंदरातल्या जहाजांवर गेलं. युनियन जॅक उतरले. आज सकाळपासून कॅसल बॅरक्सभोवती गोळीबार झालाय, जहाजांची रसद तोडलीय, आणि ॲडमिरल गॉडफ्रे रेडिओवरून सांगतोय की अख्खं आरमार बुडवावं लागलं तरी बंड मोडीन. शहराने हे ऐकलं आणि लोक गेटवेकडे निघाले. इराण्यांनी पाव दिले, कुणी दुधाच्या बरण्या आणल्या, कुणी केळी, कुणी डबे. जहाजांच्या होड्या धक्क्याला लागतायत आणि तुम्ही वरून टोपल्या खाली देताय. बंदोबस्ताला उभे असलेले हिंदी शिपाई हे बघतायत आणि बघून न बघितल्यासारखं करतायत.

तुमचा गुन्हा कुठला? बारकाईने बघितलं तर 136 नाही, कारण खाली होडीत उभी असलेली पोरं पळालेली नाहीत. ती जहाजावर ठाण मांडून बसलीत, पळाली नाहीत हेच सरकारचं दुखणं आहे. लागलंच तर कलम 131 लागेल, बंडाला चिथावणी, त्याला जन्मठेप काळ्या पाण्याची किंवा दहा वर्षं. पाव ही चिथावणी होते का? दूध होतं का? टोपलीत कुणी केळ्यांच्या खाली चिठ्ठी ठेवली असेल तर? तुम्हाला हे प्रश्न सुचतायत कारण तुम्ही 1864 मधून आलात. तुमच्या शेजारचा माणूस नुसता ओरडतोय की होडी जवळ घ्या, पाव पाण्यात पडतायत.

23 तारखेला सरदार पटेलांच्या सांगण्यावरून नाविकांनी शरणागती पत्करली. मधल्या दोन दिवसांत शहरात, विशेषतः गिरणगावात, झालेल्या गोळीबारात सरकारी आकड्यांप्रमाणे 228 माणसं मेली आणि हजारावर जखमी झाली. त्या मेलेल्यांच्या अंगावर गणवेश नव्हता. पिनल कोडाचं सातवं प्रकरण ज्यांच्यासाठी लिहिलं होतं, त्यांतलेच ते सगळे.

परत आपल्या काळात या. 1947 नंतर राणीच्या जागी भारत सरकार आलं, कलमं तशीच राहिली. फौज आपली झाल्यावर पळालेल्याला लपवणं हा गुन्हा असावा, याला माझा विरोध नाही. सीमेवर ज्यांची मुलं उभी आहेत, त्यांचाही नसेल. पण सूट कुणाला द्यायची, हा प्रश्न स्वतंत्र देशाने एकदा तरी नव्याने विचारायला हवा होता. संधी आली होती. 1 जुलै 2024 पासून पिनल कोड गेलं आणि भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनं 135 आता 163 आहे, 136 आता 164 आहे, 137 आता 165 आहे. पहिल्या दोन्हींना शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत. कप्तानाचा पाचशे रुपयांचा दंड, जो एकशे साठ वर्षांत कुणी वाढवला नव्हता, तो तीन हजार झाला. अपवादात 'बायको' होती तिथे आता पती किंवा पत्नी, दोघंही आले, कारण फौजेत आता बायकाही आहेत. या तिन्ही कलमांखाली उदाहरण अजूनही नाही. आणि आईला अजूनही सूट नाही.